हृदयाची उघाडी

सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरांतून उतरते, पोलादपूर व महाड या गांवांच्या अंगानें वाहते आणि बाणकोटापाशीं समुद्राला मिळते. महाडच्या खालीं, दासगांवच्या बाजूस, ती नदी राहत नाहीं. तिची खाडी होते आणि दिवसांतून दोन वेळां भरतीचें खारें पाणी तिच्यांतून वर चढतें. खाडीच्या कांठीं ज्यांचीं भातशेतें आहेत ते शेतकरी खारें पाणी अडविण्यासाठीं बांध घालतात व त्या बांधांत जागोजाग ‘उघाडी’ ठेवतात. उघाडी म्हणजे वरच्या बाजूनें टांगलेलें एक झुलतें दार. ओहोटी लागली कीं आंतलें पावसाचें पाणी त्या दाराला बाहेर ढकलून निघून जातें. भरती आली कीं खाडीचें पाणीच तें दार दाबून बंद करतें. पाणी बाहेर जाईल, पण आंत येणार नाहीं, एवढेंच त्या दाराचें काम. परंतु दार मजबूत असूनही त्याच्या सांध्यांत एखादी काटकी अडकली किंवा गाळ सांचला, तर तें अर्धवट उघडें राहतें आणि एका रात्रींत खारें पाणी शिरून वर्षाचें पीक नासतें. म्हणून जाणता शेतकरी दार करून देणाऱ्या सुतारावर विसंबून राहत नाहीं. तो उघाडीकडे स्वतः लक्ष ठेवतो.

मनुष्याच्या हृदयांत अशाच चार उघाड्या आहेत. वैद्यकांत त्यांना झडपा म्हणतात. रक्त पुढें जावें, मागें येऊं नये, हें त्यांचें काम. हृदय मिनिटाला सुमारें बहात्तर वेळां आकुंचन पावतें असें धरलें, तर एका दिवसांत तें एक लाखाहून अधिक वेळां आणि एका वर्षांत पावणेचार कोटींहून अधिक वेळां होतें. तितक्याच वेळां या झडपा उघडतात व मिटतात. हें काम जन्मभर विनातक्रार चालतें, म्हणूनच त्याची आठवण कोणास होत नाहीं. आठवण होते ती झडप बिघडल्यावर.

आपल्या देशांत तरुण वयांत झडप बिघडण्याचें मोठें कारण म्हणजे संधिवाताचा ताप. पांच ते पंधरा या वयांतील मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूनें सुजतो. घरांत त्याची कोणी फारशी दखल घेत नाहीं. दोनतीन आठवड्यांनीं ताप येतो. गुडघे, घोटे, कोपरें आळीपाळीनें सुजतात आणि बरींही होतात. सांधे मोकळे झाले म्हणजे आईबापांना वाटतें, दुखणें गेलें. परंतु शरीरानें त्या जंतूंशीं लढण्यासाठीं जीं शस्त्रें उपसलेलीं असतात, तीं चुकून स्वतःच्याच हृदयावर चालतात. असा ताप पुन्हांपुन्हां येऊन गेला कीं झडपेचे नाजूक पापुद्रे जाड होतात, एकमेकांस चिकटतात आणि वाट अरुंद होते. किंवा ते आंखडून झडप नीट मिटतच नाहीं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील ‘मायट्रल’ नांवाची झडप या रोगाच्या तडाख्यांत सर्वांत अधिक सांपडते. लहानपणीं घसा दुखलेली मुलगी पंचविसाव्या वर्षीं पाण्याची कळशी घेऊन चढण चढतांना धापा टाकूं लागते, तेव्हां त्या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. वस्तुतः या तापाचें निदान वेळीं झालें आणि दर तीन आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन अनेक वर्षें नेमानें घेतलें, तर पुढचा अनर्थ बहुतांशीं टळतो. झडप बदलण्यापेक्षां ती वांचविणें केव्हांही श्रेयस्कर.

पण जी झडप कायमची बिघडली, तिचें काय करावें? १९५२ सालीं अमेरिकेंत चार्ल्स हफनागेल या शल्यविशारदानें प्लॅस्टिकच्या नळींत एक गोळी ठेवून केलेली झडप प्रथमच मनुष्याच्या शरीरांत बसविली. ती हृदयांत नव्हे, तर हृदयांतून निघून खालीं उतरणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनींत बसविली होती. कारण हृदय थांबवून तें उघडण्याची सोय तेव्हां नव्हती. पुढच्याच वर्षीं, १९५३ सालीं, जॉन गिबन यांनीं हृदय व फुप्फुसें यांचें काम कांहीं काळ यंत्राकडे सोंपवून हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि तो दरवाजा उघडला. १९६० सालीं लॉवेल एडवर्ड्स नांवाचे एक वयोवृद्ध इंजिनियर व आल्बर्ट स्टार नांवाचे एक तरुण शल्यविशारद या दोघांनीं मिळून धातूच्या पिंजऱ्यांत रबराची गोळी असलेली झडप तयार केली व ती मायट्रल झडपेच्या जागीं बसविली. ज्या पहिल्या रुग्णास ती दीर्घकाळ लाभली, तो सुमारें दहा वर्षें जगला आणि अखेर शिडीवरून पडून वारला. झडपेनें त्याला दगा दिला नाहीं. त्यानंतर गोळीऐवजीं कलती तबकडी आली आणि १९७७ सालीं दोन अर्धगोल पाकळ्यांची, एका विशेष प्रकारच्या कठीण कार्बनची झडप आली. आज यांत्रिक झडपांत अधिकतर हीच वापरांत आहे.

या इतिहासांत एक कटु अध्यायही आहे. ब्यॉर्क-शायली या नांवाच्या कलत्या तबकडीच्या झडपेची एक सुधारलेली आवृत्ति १९७९ च्या सुमारास विक्रीस आली. रक्ताचा प्रवाह तिच्यांतून अधिक चांगला होई. परंतु तबकडी धरून ठेवणारी तिची एक बारीक तार डांखानें जोडलेली होती व कांहीं झडपांत तो डांखच तुटूं लागला. तबकडी निसटली म्हणजे रुग्णाला वांचविण्यास कांहीं घटकांचा अवधि मिळे. शेंकडों रुग्णांच्या बाबतींत असें झालें आणि १९८६ सालीं ती झडप बाजारांतून काढून घेण्यांत आली. कारखान्यांतील परीक्षेंत जें दिसलें नाहीं, तें वर्षानुवर्षांच्या वापरानें दाखविलें. म्हणून कृत्रिम झडपेची खरी परीक्षा शस्त्रक्रियेच्या दिवशीं होत नाहीं. ती दहा, पंधरा, वीस वर्षांनीं होते.

हिंदुस्थानांत ही झडप परदेशांतून येई तेव्हां तिची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेर असे. तिरुवनंतपुरम् येथील श्रीचित्रा तिरुनाळ संस्थेंत डॉ. एम. एस. वलियाथन व त्यांचे सहकारी इंजिनियर यांनीं स्वदेशी झडप करण्याचें मनावर घेतलें. पहिले नमुने फसले. एका नमुन्यांत तर कृत्रिम नीलमण्याची तबकडी वापरून पाहिली, पण तीही टिकली नाहीं. शेवटीं कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट, अत्यंत चिवट अशा पॉलिएथिलीनची तबकडी आणि शिवण्यासाठीं पॉलिएस्टरच्या कापडाची कडी अशी साधी रचना ठरली. मेंढ्यांवर तिची परीक्षा झाली आणि ६ डिसेंबर १९९० रोजीं ती प्रथम मनुष्याच्या हृदयांत बसविण्यांत आली. त्यानंतर एक लाखाहून अधिक चित्रा झडपा बसविण्यांत आल्या आहेत. डॉ. वलियाथन २०२४ सालीं निवर्तले.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, धातूची झडप घेऊन मनुष्य किती वर्षें आणि कसा जगतो?

प्रथम चांगली गोष्ट. आजची यांत्रिक झडप झिजून निकामी झाली असें सहसा घडत नाहीं. ती तिच्या धन्याच्या आयुष्याला पुरते. जनावराच्या पेशीजालापासून केलेल्या झडपेचें तसें नाहीं. ती दहा-पंधरा वर्षांनीं खराब होऊं लागते, आणि रुग्ण जितका तरुण तितकी लवकर. मग दुसरी शस्त्रक्रिया अटळ होते. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या इस्पितळांतून ५७५ पुरुषांना या दोहोंपैकीं एक झडप बसवून पंधरा वर्षें त्यांची विचारपूस ठेवण्यांत आली. त्याचा निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाला. हृदयाच्या बाहेरच्या दारावरील, म्हणजे महारोहिणीच्या मुखावरील झडपेच्या बाबतींत यांत्रिक झडप घेतलेल्यांपैकीं शेंकडा ६६ व जैविक झडप घेतलेल्यांपैकीं शेंकडा ७९ माणसें त्या अवधींत वारलीं. मायट्रल झडपेच्या बाबतींत दोन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. जैविक झडपवाल्यांना पुन्हां शस्त्रक्रिया अधिक करावी लागली, आणि यांत्रिक झडपवाल्यांना रक्तस्राव अधिक झाला. हे आंकडे वाचून घाबरूं नये. ते बहुतेक उतारवयाचे, इतर दुखणीं असलेले पुरुष होते. आपल्याकडील रुग्ण पुष्कळदां विशी-तिशींतले असतात, आणि यांत्रिक झडपेवर वीस-पंचवीस वर्षें संसार, शेती, नोकरी करणारीं माणसें आज थोडीं नाहींत.

पण शेवटच्या वाक्यांतील ‘रक्तस्राव’ या शब्दांत सगळी गोम आहे. रक्ताला परकी वस्तु रुचत नाहीं. धातूचा किंवा कार्बनचा स्पर्श होतांच तें गोठूं पाहतें. उघाडीच्या सांध्यांत गाळ सांचावा तशी झडपेवर गुठळी जमते. ती झडपेलाच जखडते, अथवा तिचा कण सुटून मेंदूंत जातो व मनुष्याचें अर्धें अंग लुळें पडतें. हें टाळण्यासाठीं रक्त गोठण्याची क्रिया मंद करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. वॉरफरिन ही त्यांतली सर्वांस ठाऊक असलेली. आपल्याकडे ॲसेनोकुमेरॉल ही तिची बहीणही पुष्कळ वापरली जाते. वॉरफरिनची जन्मकथा विलक्षण आहे. अमेरिकेंत कुजका गवती चारा खाऊन गुरें रक्तस्रावानें मरत. त्या चाऱ्यांतील विषाचा शोध घेतां घेतां विस्कॉन्सिन विद्यापीठांतील कार्ल लिंक यांच्या हातीं हें द्रव्य लागलें. प्रथम तें उंदीर मारण्यासाठीं विकलें गेलें आणि १९५४ पासून तेंच मनुष्याचें औषध झालें. विष आणि औषध यांत अंतर केवळ मात्रेचें, हें आपल्या जुन्या वैद्यांचें म्हणणें येथें अक्षरशः खरें ठरतें.

ही मात्रा ठरविण्यासाठीं रक्ताची एक परीक्षा करतात. तिच्या आंकड्याला आय. एन. आर. म्हणतात. निरोगी माणसाचा हा आंकडा एकाच्या आसपास असतो. महारोहिणीवरील यांत्रिक झडप असेल तर तो बहुधा दोन ते तीन, आणि मायट्रल झडप असेल तर अडीच ते साडेतीन यांच्या दरम्यान राखतात. प्रत्येकाचा नेमका आंकडा त्याचा डॉक्टरच सांगेल. आंकडा खालीं गेला तर गुठळीचें भय, वर गेला तर रक्तस्रावाचें. १९९४ सालीं हॉलंडमधील वैद्यकांनीं तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. गोळी न घेणाऱ्या शंभर रुग्णांपैकीं दर वर्षीं सुमारें चौघांना गुठळीचा मोठा तडाखा बसे. गोळी घेणाऱ्यांत तें प्रमाण सुमारें एकावर आलें. म्हणजे त्या लहानशा गोळीनें चारांपैकीं तिघांवरील संकट टाळलें. झडप शल्यविशारद बसवितो, पण ती टिकवते गोळी. आणि गोळी टिकवतो घरचा नियम.

या नियमाची खरी कसोटी शहरांत लागत नाहीं, ती महाड-पोलादपुरासारख्या मुलखांत लागते. पोलादपूर तालुक्यांत डोंगराच्या कुशींत वसलेल्या एखाद्या वाडींतील तिशीची स्त्री डोळ्यांपुढें आणावी. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत तिची झडप बदलली. शस्त्रक्रियेचा भार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेनें उचलला. ती घरीं आली, महिन्या दोन महिन्यांत तिची धाप गेली, ती पुन्हां चुलीपुढें बसूं लागली. रात्रीं घर निजलें म्हणजे तिच्या छातींतून टिक्-टिक् असा बारीक नाद येतो. मुलांना त्याची गंमत वाटते. अशा वेळीं सासूबाई सहज म्हणतात, “आतां बरी झालीस ना बाय, मग गोळ्या कशाला?” या एका प्रेमळ प्रश्नांत जितकें भय आहे, तितकें शस्त्रक्रियेच्या टेबलावरही नव्हतें. गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशीं कांहीं होत नाहीं, आठ दिवसांनींही कदाचित् होणार नाहीं; म्हणूनच मन फसतें.

शिवाय ही वाट निसर्गही अडवतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरानें वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह गडप झाल्या. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी यांच्या पुरानें महाड शहर बुडालें. त्याच दिवशीं तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गाडलीं गेलीं, आणि आंबेनळी घाटही दरडींनीं बंद पडला. अशा दिवसांत घरांत पाणी, दुकानांत चिखल, रस्ता बंद, आणि गोळ्यांची पुडी कोनाड्यांतून वाहून गेलेली! ज्याच्या हृदयांत यांत्रिक झडप आहे त्यानें पावसाळ्यापूर्वींच निदान महिनाभराच्या गोळ्या घट्ट झांकणाच्या डब्यांत, माळ्यावर, उंच जागीं ठेवाव्या. मीठ-मिरचीची बेगमी करतां येते, तशीच हीही करावी.

पावसाळ्याची दुसरी गोष्ट जेवणाची. आषाढ-श्रावणांत कोंकणांत टाकळा, कुर्डू, माठ, अळू, शेवग्याचा पाला अशा पालेभाज्यांची चंगळ असते. हिरव्या पानांतील ‘के’ जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतें. म्हणून कांहीं लोक भाजीच सोडतात. तशी आवश्यकता नाहीं. भाजी खावी, पण प्रमाण बारमाही सारखें असावें. चार दिवस रोज टाकळा आणि मग महिनाभर पान नाहीं, असें केल्यास आंकडा हेलकावे खातो. दीर्घ उपासाचीही तीच गत. अंगदुखीच्या गोळ्या, नांव न सांगतां दिलेले काढे व चूर्णें यांनीं रक्तस्राव होऊं शकतो. क्षयाच्या औषधांतील रिफॅम्पिसिन या गोळीचा गुण मारून टाकतें, तर कांहीं जंतुनाशक औषधें तो भलताच वाढवितात. यास्तव कोणत्याही डॉक्टरापुढें बसतांना पहिलें वाक्य हें असावें: “माझी झडप बदललेली आहे आणि ही गोळी मी घेतों.” दांत काढण्यापूर्वीं तर हें सांगितलेंच पाहिजे. दांतांच्या मुळांतील जंतु रक्तांत उतरून कृत्रिम झडपेवर बसले तर तो रोग फार भयंकर असतो. आधीं योग्य औषधाची मात्रा घेतल्यानें धोका कमी होतो.

तरुण स्त्रियांच्या बाबतींत प्रश्न अधिक नाजूक आहे. वॉरफरिन गर्भापर्यंत पोंचतें आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत गर्भाला व्यंग आणूं शकतें. उलट गोळी एकदम बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी होऊन तिचाच जीव जाण्याचें भय. या कोंडींतून वाट आहे. डॉक्टर कांहीं काळ हेपॅरिनचीं इंजेक्शनें देतात, मात्रा लहान असेल तर कधीं गोळीच चालू ठेवतात; पण त्यासाठीं दिवस गेल्याचें त्यांना आधीं कळलें पाहिजे, किंबहुना विचार मनांत येतांच सांगितलें पाहिजे. जेथें सूनबाई ही गोष्ट संकोचानें तीन महिने झांकून ठेवते, तेथें विज्ञानाचे हात बांधले जातात. ही जबाबदारी तिची एकटीची नव्हे. पतीची व सासूबाईंचीही आहे.

‘रक्ताची परीक्षा न करतां घेतां येईल अशी नवी गोळी निघाली आहे’ असें कोणी सांगतो. तशा गोळ्या निघाल्या आहेत व इतर रोगांत त्या उपयुक्तही आहेत. परंतु यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रान नांवाची अशी गोळी वापरून पाहतां गुठळ्याही अधिक झाल्या व रक्तस्रावही, म्हणून तो प्रयोग २०१२ सालीं मध्येंच थांबवावा लागला. यांत्रिक झडपेला आज तरी जुनी गोळीच खरी.

महाडच्या मुलखाला हृदयाच्या रोगाचा अभ्यास अपरिचित नाहीं. जवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ च्या सुमारास रुजू झाले, तेव्हां लाल विंचवाच्या दंशानें मुलें व कर्तीं माणसें दगावत. त्या विषाचा घाला हृदयावर पडतो, हें त्यांनीं रुग्णाच्या खाटेशीं रात्ररात्र बसून, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवून ताडलें. त्यांचे निष्कर्ष १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या विख्यात साप्ताहिकांत छापले गेले. पुढें रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त औषधानें त्यांनीं असंख्य प्राण वांचविले, आणि २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापाशीं मोठीं यंत्रें नव्हतीं. वही होती आणि ती रोज भरण्याची निष्ठा होती.

झडपेच्या रुग्णालाही हाच मार्ग आहे. एक साधी वही घ्यावी. तींत झडपेचें नांव व शस्त्रक्रियेची तारीख पहिल्या पानावर असावी. पुढें प्रत्येक परीक्षेची तारीख, आंकडा व गोळीची मात्रा. घरांतलें शाळेंत जाणारें मूल हें काम उत्तम करतें, आणि आईच्या प्रकृतीचा हिशेब ठेवतांना तें जें शिकतें तें कोणत्याही धड्यांतून मिळणार नाहीं. गोळी रोज ठरलेल्या वेळीं, देवापुढें दिवा लावण्याच्या वेळीं, घ्यावी, म्हणजे विसर पडत नाहीं. हिरड्यांतून रक्त येणें, काळा शौच, डोक्याला मार, बोलतांना जीभ अडखळणें, हात लुळा पडणें, यांपैकीं कांहींही झालें तर सकाळची वाट पाहूं नये. आणि रात्रींचा तो टिक्-टिक् नाद मंद किंवा बोंदरा झाला, जोडीला धाप लागली, तर झडप अडकत असल्याची ती खूण समजून त्याच घटकेला मोठ्या इस्पितळाची वाट धरावी. गुठळी ताजी असतां ती विरघळविणारीं औषधें आहेत. उशीर झाला तर मात्र इलाज कठीण होतो.

ज्या घरांत असा नाद ऐकूं येतो, तेथील माणसांनीं निजण्यापूर्वीं त्याकडे एकवार कान द्यावा आणि आजची गोळी झाली कीं नाहीं एवढें विचारावें. खाडीकांठचा शेतकरी भरतीच्या आधीं उघाडीपर्यंत एक फेरी मारून येतो. त्याला त्यांत कांहीं मोठें केल्यासारखें वाटत नाहीं. पण त्याचें शेत पिढ्यान् पिढ्या गोडें राहतें तें त्या फेरीमुळेंच.